कानाची टेस्ट: बटण दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या चुका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टला, येऊ नका. बडोद्यात नऊ रात्री गरबा झालेला असतो, मैदानावर स्पीकरच्या भिंती रचलेल्या असतात, आणि पहाटे घरी परतताना कानाला दडे बसलेले असतात. दडे बसलेला कान म्हणजे तात्पुरता थकलेला कान. त्या अवस्थेत काढलेला आलेख कानाचा नसतो, नवरात्राचा असतो. तरी दर वर्षी एकादशीला सकाळी माझ्या दारात गर्दी होते आणि बऱ्याच जणांना मी आठवड्याने परत बोलावते.

मी ऑडिओलॉजिस्ट. गुजराती पेशंट मला 'बेन' म्हणतात, दांडिया बाजारातली मराठी मंडळी 'ताई' म्हणतात, आणि चुका दोघांच्या त्याच असतात. यंत्र बिघडल्यामुळे फसलेल्या टेस्ट मी फार थोड्या पाहिल्या. घोटाळा होतो तो क्रमात: आधी मशीनची चौकशी, मग टेस्ट, आणि कानातला मळ काढायचं सगळ्यात शेवटी सुचतं. (मशीन म्हणजे श्रवणयंत्र. तो शब्द मी लिहिते, बोलत कोणीच नाही.) खाली क्रम लावून देते आहे. तोच पाळा.

## आधी दोन रस्ते समजून घ्या

आवाज आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली हवेची: कानाच्या नळीतून पडद्यावर, पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून शंखात (आतल्या कानाचा ऐकणारा, शंखासारखा भाग). दुसरी हाडाची: कवटी थरथरली की शंख थेट हलतो, मधल्या साखळीची गरजच पडत नाही. टेस्टमध्ये हेडफोन लावतात तेव्हा पहिली वाट तपासतात, कानामागच्या हाडावर छोटा ठोकळा बसवतात तेव्हा दुसरी. हवेची वाट बिघडली आणि हाडाची चांगली असेल, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. दोन्ही सारख्याच बिघडल्या तर दोष शंखात किंवा नसेत. बाकीची सगळी टेस्ट या एका तुलनेवर उभी आहे.

शंखात द्रव असतो आणि केसासारख्या टोकांच्या पेशींच्या रांगा असतात. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर पकडले जातात, आत टोकाशी खर्ज. वय आणि गोंगाट यांचा मार आधी तोंडाजवळच्या पेशींवर बसतो, आणि माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच घरोघरी तीच तक्रार: 'ऐकू येतं, पण समजत नाही.' स्वर जाड आणि जोरकस असतात, ते पोचतात. क, त, प, स, श यांना वेगळं करणारी बारीक धार उंच पट्टीत असते, ती गळते. सून म्हणते 'ताट घ्या', आजी पाट घेऊन येतात, आणि घरचे म्हणतात, आजींचं लक्ष नसतं.

## १. अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही असे प्रसंग

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांना गाठा. सर्दीमुळे झालं असेल, मळ असेल, बघू सोमवारी, असं म्हणत लोक आठवडा घालवतात. आतल्या कानाची अशी अचानक हानी झाली तर स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका बरा, आणि पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात.

कान वाहतो आहे, गरगरतं आहे, चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटते आहे, तरीही आधी डॉक्टर आणि मग टेस्ट.

थांबा: गेलेलं ऐकणं परत येईल म्हणून कानात कोमट तेल, लसणाचं तेल, ओव्याचं तेल यातलं काहीही घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते सरळ मधल्या कानात जातं.

## २. आठवडाभर आधी: मळ

कानात मळाचा पूर्ण बूच बसला असेल तर तीस-चाळीस डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) ऐकणं कमी भरू शकतं. म्हणजे चांगला कान टेस्टमध्ये वाईट ठरतो, आणि मशीन विकायला बसलेल्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं.

आठवडाभर आधी ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीने दोन्ही कान पाहून घ्या. मळ असेल तर ते काढतील किंवा मऊ करायचे थेंब देतील. थेंब स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका, कारण पडदा शाबूत आहे हे आधी कोणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे. थेंब घातल्यावर पहिले दोन दिवस मळ फुगतो आणि अजून कमी ऐकू येतं. घाबरून लगेच टेस्ट करायला धावू नका.

केसांची पिन, काडी, चावी, कानकोरणं, कापसाची काडी: सगळ्यांचं काम एकच, मळ आत ठासणं. आंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान पुसलात की तुमचं काम संपलं.

## ३. आदला दिवस

टेस्टआधीचे साधारण सोळा तास कानाला विश्रांती हवी. मकरपुऱ्याच्या किंवा नंदेसरीच्या कारखान्यात काम असेल तर टेस्ट सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या आधी ठेवा, पाळी संपल्यावर नव्हे. गरबा, वरात, डीजे, विसर्जनाची मिरवणूक, कानात घातलेले इअरफोन हे सगळं त्या सोळा तासांत वर्ज्य. नवरात्रासारखी सलग नऊ रात्रींची गोष्ट असेल तर मी पूर्ण आठवडा सोडते.

नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे ढकला. सर्दीत मधल्या कानातला हवेचा दाब बिघडतो आणि हवेची वाट उगाच वाईट दिसते.

आणि कृपा करून उपाशी येऊ नका. रक्ताच्या तपासणीची सवय लागल्याने ज्येष्ठ मंडळी चहासुद्धा न घेता येतात, अर्ध्या तासात डुलक्या घेऊ लागतात आणि बटणाचा विसर पडतो. नाश्ता करा, बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या.

पिशवीत टाकायच्या गोष्टी: जुने ऑडिओग्राम (टेस्टचे आलेख), चालू औषधांची यादी, पूर्वी टीबी किंवा मोठ्या संसर्गासाठी घेतलेल्या इंजेक्शनांची आणि कर्करोगाच्या उपचाराची कागदपत्रं. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लाटिन यांसारखी काही औषधं शंखातल्या पेशींना इजा करतात, म्हणून ती विचारली जातात. वापरातलं मशीन असेल तर तेही आणा.

तपासा: कान पाहून घेतला? सर्दी नाही? कालची रात्र शांत गेली? तिन्हीला 'हो' असेल तरच निघा.

## ४. कुठे जायचं, आणि आत क्रम कोणता

टेस्ट करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट असावी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तो भिंतीवर किंवा रिपोर्टवर असतो. खोली आवाजबंद हवी. रस्त्याकडेच्या दुकानात मागच्या बाकावर, शटर उघडं ठेवून, रिक्षांचे हॉर्न ऐकत केलेली 'मोफत तपासणी' म्हणजे फार तर अंदाज. रस्त्याच्या गोंगाटात मंद शिट्टी कोणालाच ऐकू येणार नाही, चांगल्या कानालाही नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपचंही तेच. पुढे जायचं की नाही एवढं ठरवायला ते ठीक. यंत्राचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा व्हायला हवं, तारीख यंत्रावरच्या चिठ्ठीवर लिहिलेली असते.

आत गेल्यावरचा क्रम असा:

१. तक्रारीची विचारपूस आणि दुर्बिणीने कानाची पाहणी.
२. बहुधा ५१२ हर्ट्‌झच्या चिमट्याने (ट्यूनिंग फोर्क; हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचं माप) झटपट चाचणी.
३. इम्पिडन्स: कानात रबरी टोपी बसवून दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते पाहतात. इथे तुम्ही काहीच करायचं नाही. गिळू नका, बोलू नका.
४. हेडफोनवरची टेस्ट.
५. हाडावरची टेस्ट.
६. शब्दांची टेस्ट.

इम्पिडन्सच्या निकालात ए, बी, सी अशी अक्षरं येतात. ए म्हणजे पडदा नीट हलतो, सी म्हणजे मधल्या कानात दाब कमी, बी म्हणजे आलेखाला शिखरच नाही: पडद्यामागे पाणी असेल, पडद्याला भोक असेल, नाहीतर टोपीच भिंतीला चिकटली असेल. बी आला की मी टोपी बदलून एकदा पुन्हा करते.

## ५. बटण

सगळ्यात जास्त टेस्ट फसतात त्या इथे.

हेडफोनमध्ये शिट्टी वाजते. ती ऐकू आली की बटण दाबायचं आणि सोडायचं. सांगायला सोपं आहे, पण माणसं याची परीक्षा करून टाकतात. कोणी 'नक्की ऐकू आली का?' याचा विचार करत बसतात आणि खात्री होईपर्यंत दाबत नाहीत. त्यांचा आलेख दहा-पंधरा डेसिबल वाईट येतो. कोणी नापास व्हायचं नाही म्हणून तालात दाबत राहतात, एक-दोन-तीन, शिट्टी असो वा नसो. त्यांचा आलेख खोटा चांगला येतो. दुसऱ्या प्रकारचे बहुधा निवृत्त शिक्षक असतात, हे आपलं माझं निरीक्षण.

नियम एकच आहे: अगदी पुसट, दूरच्या गल्लीतून आल्यासारखी वाटली तरी दाबा. मनात ऐकू आल्यासारखी वाटली, पण कानात नाही, तर दाबू नका.

माझ्या बाजूला काय चाललेलं असतं तेही सांगते, म्हणजे धीर राहील. सुरुवात चांगल्या कानापासून आणि १००० हर्ट्‌झच्या स्वरापासून होते. तुम्ही दाबलंत की मी आवाज दहा डेसिबलने कमी करते. दाबलं नाहीत की पाचने वाढवते. असं खालीवर करत जो सगळ्यात मंद आवाज निदान निम्म्या वेळा ऐकू येतो, तो तुमचा उंबरठा. मग २०००, ४०००, ८०००, पुन्हा १०००, आणि नंतर ५००, २५०. गाणं शिकलेल्यांना लगेच कळेल: प्रत्येक पायरी एक सप्तक आहे. म्हणजे बराचसा वेळ तुम्हाला ऐकू येईल-न येईल अशा काठावरच ठेवलेलं असतं. 'मला निम्मं ऐकूच आलं नाही' असं वाटणं स्वाभाविक आहे, ते अपयश नव्हे.

१००० चा स्वर दुसऱ्यांदा मुद्दाम घेतात. दोन्ही वेळचे आकडे पाच डेसिबलच्या आत जुळले नाहीत तर उत्तरं भरवशाची नाहीत, आणि पुन्हा सुरुवात करावी लागते.

कानात आधीच सूं-सूं किंवा शिट्टी वाजत असेल तर आत जाण्यापूर्वी सांगा. सलग स्वराऐवजी तुटक किंवा लहरता स्वर देता येतो, मग तुमची शिट्टी आणि माझी शिट्टी वेगळी ओळखू येते. हे न सांगितल्याने पुन्हा कराव्या लागलेल्या टेस्ट मोजायच्या पलीकडे आहेत.

घरच्यांसाठी: बाहेर बसा. काचेतून 'आई, दाबा ना!' अशा खुणा करू नका. सासूबाई तुमच्याकडे पाहून दाबतात आणि मी तुमच्या कानांचा आलेख काढत बसते. पेशंटला माझे हात दिसणार नाहीत असं बसवलेलं असतं, तेही याचसाठी. मोबाइल बाहेर ठेवा. कानातले झुबे, वेल, चष्मा काढा. अंबाड्याची पिन हेडफोनखाली येत असेल तर तीही.

## ६. दुसऱ्या कानातली खरखर

मध्येच एका कानात पावसासारखी खरखर सुरू होते आणि दुसऱ्यात शिट्टी. इथे लोक हेडफोन काढून सांगतात, 'ताई, टेस्टचं यंत्र बिघडलंय.' बिघडलेलं नसतं. खरखरीकडे दुर्लक्ष करा, फक्त शिट्टीला दाबा.

ती का लागते? हाडावर ठोकळा लावला की सगळी कवटी हलते आणि दोन्ही शंखांना आवाज जातो. डाव्या कानामागे लावलेला ठोकळा उजवा कानही ऐकतो. हेडफोनवरही साधारण ४० डेसिबलच्या फरकापुढे आवाज पलीकडे झिरपू लागतो. म्हणजे एक कान पूर्ण बंद असला तरी चांगला कान त्याच्या वतीने उत्तर देतो आणि बंद कान आलेखावर बरा दिसतो. म्हणून चांगल्या कानाला खरखरीत गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात, आणि घाईच्या टेस्टमध्ये पहिली कात्री यालाच लागते.

तपासा: दोन कानांत मोठा फरक आहे आणि तुम्हाला खरखर एकदाही ऐकवली गेली नाही? रिपोर्ट घेऊन उठण्यापूर्वी विचारा. खरोखरच फरक असेल तर ईएनटीला दाखवा, कारण क्वचित नसेवरच्या गाठीमुळेही असं होतं.

## ७. शब्दांची टेस्ट: कोणत्या भाषेत?

शिट्ट्या ऐकणं आणि बोलणं समजणं वेगळं, म्हणून शब्द ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात. बडोद्यातल्या मराठी घरांनी इथे जागं राहायचं.

लग्न होऊन पन्नास वर्षं इथे काढलेल्या आजी भाजीवाल्याशी अस्खलित गुजराती बोलतात. पण मंद आवाजातला अर्धवट शब्द पुरा करताना मन घरच्या भाषेकडे धावतं. यादीतला शब्द 'चमची' असेल तर त्या 'चमचा' म्हणतील, आणि चूक कानाच्या खात्यावर मांडली जाईल. म्हणून आधीच सांगा: घरात मराठी बोलतो, शब्द मराठीत द्या. मराठी यादी नसेल तर गुजराती किंवा हिंदी, जी जास्त बोलली जाते ती, आणि कोणती वापरली ते रिपोर्टवर लिहून घ्या. पुढच्या वेळी तुलना त्याच भाषेत व्हायला हवी. दुसरी पिढी बिनधास्त गुजराती यादी घेऊ शकते. तिथे माझी हरकत नाही.

शब्द म्हणणाऱ्याचे ओठ दिसता कामा नयेत. आणि शब्द कळण्याचा उंबरठा शिट्ट्यांच्या सरासरीशी साधारण दहा डेसिबलच्या आत जुळायला हवा. फारच फरक असेल तर दोन्हींपैकी एक टेस्ट चुकली आहे.

## ८. आलेख वाचणं

लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, दोन्ही हवेच्या वाटेचे. < आणि > या खुणा हाडाच्या. मास्किंग केलं असेल तर गोलाच्या जागी त्रिकोण, फुलीच्या जागी चौकोन. डावीकडून उजवीकडे खर्जापासून तारेपर्यंत जायचं. वरून खाली आवाज वाढत जातो, म्हणून रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. शेअरबाजाराच्या सवयीने वाचू नका असं गुजराती पेशंटना सांगितलं की हसतात, पण कळतं लगेच.

हाडाच्या खुणा वर आणि हवेच्या खाली, मध्ये दहा डेसिबलहून जास्त अंतर: दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात, बऱ्याचदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारणारा. मशीन घेण्याआधी ईएनटीचं मत घ्या. दोन्ही एकत्र खाली उतरल्या: शंख किंवा नस. ४००० हर्ट्‌झवर खड्डा आणि ८००० वर थोडं वर: गोंगाटाची खूण. कारखान्यात उमेद घालवलेल्यांत हा खड्डा फार दिसतो, आणि आता ढोल-डीजेवाल्या तरुणांतही.

रिपोर्टच्या तळाशी एक सरासरी असते, आणि सगळे तीच पाहतात. ती बहुधा ५००, १०००, २००० या तीन स्वरांची असते. आता हे उदाहरण करून पाहा. ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४०: सरासरी २८, 'सौम्य' दोष. पण त्याच माणसाला ४००० ला ७० आणि ८००० ला ८० असेल तर? त्याला ताट आणि पाट यातला फरक कळत नाही, आणि कागद म्हणतो सौम्य. ४००० धरून चार स्वरांची सरासरी काढली की ती ३९ च्या जवळ जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गवारीत हाच माणूस 'मध्यम' गटात बसतो. म्हणून आकडा नंतर पाहा, आधी रेघेचा उतार पाहा.

'किती टक्के गेलं?' हा प्रश्न मला रोज विचारतात. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपण, हा हिशेब साफ चुकीचा आहे. टक्के लागतात ते अपंगत्वाच्या दाखल्यासाठी, आणि ते ठरलेल्या सूत्राने सरकारी वैद्यकीय अधिकारी काढतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात बोलण्याच्या स्वरांत दोन्ही कानांचा दोष ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारा' आणि ७० डेसिबल असेल तर 'कर्णबधिर' अशी व्याख्या आहे. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर करायचा. दाखल्यासाठी बेरा ही चाचणीही सांगतात, कारण त्यात बटण नसतं. मेंदूकडे जाणारे संकेत थेट मोजले जातात.

## ९. लहान मूल असेल तर

वरचं बरंचसं विसरा. तान्ह्या बाळाला आधी ओएई (शंखातल्या पेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) आणि गरज पडली तर बेरा करतात. बाळ गाढ झोपलेलं हवं, म्हणून सकाळपासून जागं ठेवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, आणि दूध खोलीत येऊन पाजा. पहिल्या महिन्यात पहिली चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार: एवढं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवा.

थाळी वाजवली की दचकतो, म्हणजे ऐकतो, असं आजी-आजोबा सांगतात. थाळीचा आवाज प्रचंड असतो, सोबत हात हलतो, सावली पडते, जमीन थरथरते. बाळ त्यातल्या कशानेही दचकू शकतं.

## १०. मशीनच्या आधी

टेस्टच्या दिवशीच मशीन घेऊ नका. रिपोर्ट ईएनटीला दाखवा, मग चाचणीसाठी मशीन मागा, आणि ते शांत खोलीत नव्हे तर घरी, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना वापरून पाहा. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटेल आणि भांडी कर्कश वाजतील. ते बसवण्यातला दोष असतोच असं नाही. पण पंधरा दिवसांनीही तसंच राहिलं तर मशीन पुन्हा जुळवून घ्यायला या, कपाटात ठेवून देऊ नका.

गोंगाटात काम करणाऱ्यांनी आणि मशीन लावणाऱ्यांनी टेस्ट वर्षातून एकदा करावी, शक्यतो त्याच ठिकाणी. रिपोर्टचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इम्पिडन्सची पट्टी बऱ्याचदा बसच्या तिकिटासारख्या चिकण्या कागदावर छापलेली असते. वर्षभरात ती कोरी होते आणि पुढच्या वेळी तुम्ही माझ्यासमोर पांढरा कागद ठेवता.